वाचकांचे प्रश्न : वाळवंटातली स्केचेस आणि लिनोकट

थंडी पडली की थरच्या वाळवंटात उन्हात बसून काम करता येते. तिथे स्केचिंगला जाणाऱ्या आणि परतल्यावर त्यातून लिनोकट करू पाहणाऱ्या वाचकांचे निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. लिनोकट म्हणजे लिनोलियमच्या सपाट तुकड्यावर चित्र कोरून, उरलेल्या भागाला शाई लावून कागदावर काढलेला छाप; त्या तुकड्यालाच इथे लिनो म्हटले आहे. उत्तरांतली मापे १५ बाय २० सेंमीच्या लिनोला धरून आहेत.

प्रश्न (नाशिक) : जैसलमेरजवळ सम आणि खुरी इथे तीन दिवस राहणार आहोत. मागच्या खेपेला केलेली पेन्सिल स्केचेस घरी आल्यावर लिनोवर उतरवताच येईनात. सगळे करडे करडे दिसते. कुठे चुकते?

उत्तर : चूक छायाकामात आहे. लिनोला दोनच गोष्टी कळतात : शाई लागलेला भाग आणि कोरून काढलेला भाग. ६बी पेन्सिलीवर बोट फिरवून आणलेली मऊ छटा वहीत देखणी दिसते, पण ती काळी धरायची की पांढरी, हे वही सांगत नाही. हा निर्णय वाळूवर बसूनच घ्यायचा, कारण ज्याच्यावरून तो घ्यायचा तो उजेड तिथेच आहे.

त्यासाठी आधी टेकडी समजून घ्या. तिकडे टेकडीला धोरा म्हणतात. धोऱ्याची वाऱ्याकडची बाजू लांब आणि मंद असते, चढ साधारण १० ते १५ अंशांचा. आडोशाच्या बाजूला वाळू घसरून पडते आणि तो उतार ३० ते ३४ अंशांवर थांबतो. कोरडी वाळू त्याहून उभी राहतच नाही. थरमध्ये जोराचा वारा उन्हाळ्यात नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून उभा उतार साधारणपणे ईशान्येला असतो. डिसेंबर-जानेवारीत दुपारी तीनच्या सुमारास सूर्य बरोबर नैर्ऋत्येला, जेमतेम ३० अंशांवर आलेला असतो. त्या घटकेपासून उभा उतार सावलीत जातो आणि मंद उतार उजळ राहतो. मधली शिखररेषा सुरीने कापल्यासारखी स्पष्ट होते. लिनोकटला हवी असलेली काळ्या-पांढऱ्याची विभागणी वाळवंट स्वतःच करून देते, तीही रोज जवळपास तीन तास. दुपारी बाराला मात्र त्याच टेकडीवर रेखाटण्याजोगे फार थोडे सापडेल.

तेव्हा दोनच्या आसपास जागा निवडा. टेकडीच्या वायव्येला बसून आग्नेयेकडे पाहिले, तर उजवीकडे उजळ उतार, डावीकडे काळा आणि शिखररेषा दोघांच्या मधून तुमच्याकडे येताना दिसेल. वहीत ६ बाय ८ सेंमीचे चार चौकोन आधीच आखून ठेवा. हे प्रमाण १५ बाय २०शी जुळते. ब्रश पेन घ्या, डोळे बारीक करून पाहा आणि प्रत्येक चौकोनाला तीन-चार मिनिटे द्या. रेषा काढू नका, फक्त काळे आकार भरा. पहिला चौकोन केवळ काळा-पांढरा करा. दुसऱ्यात तिसरी छटा आणायची असेल तर ती आडव्या-तिरक्या फटकाऱ्यांनीच आणा, कारण पुढे कोरणीनेही ती तशीच येणार आहे. तिसऱ्यात क्षितिज खाली घ्या, चौथ्यात जवळजवळ वरच्या कडेला न्या. काळा भाग एक तृतीयांश ते निम्मा असेल तर चित्र बहुधा उभे राहते. त्याहून कमी झाला की पांढऱ्या कागदावर चार तुकडे तरंगल्यासारखे दिसतात.

चारांतला एक निवडून मोठे स्केच करा. त्यात सावल्यांची कड पहिल्या दहा मिनिटांत पक्की करा आणि मग तिला हात लावू नका. सूर्य ३० अंशांवर असताना झाडाची सावली उंचीच्या पावणेदोन पट पडते, तो १५ अंशांवर आला की पावणेचार पट. सावली सरकेल तशी सुधारत गेलात तर एकाच चित्रात दोन वेगवेगळे सूर्य येतील.

मोबाइलने फोटो जरूर घ्या, पण तपशिलापुरते. आजचे कॅमेरे सावलीतला अंधार आपोआप उजळतात. डोळ्यांना दिसलेला काळा फोटोत करडा होतो आणि आपण पुन्हा पहिल्या अडचणीत सापडतो.

सामान थोडे असू द्या : पक्क्या पुठ्ठ्याची ए५ वही, ब्रश पेन, ४बी पेन्सिल, पांढरी रंगपेन्सिल, पाने उडू नयेत म्हणून चार बुलडॉग क्लिपा. वहीची पाने खाकी असतील तर उत्तमच. वाळूचा मधला रंग कागदच देतो; काळा सावलीला आणि पांढरा उन्हाला, एवढेच काम उरते. पांढऱ्या पानावर ऊन पडले की डोळे दिपतात आणि सगळे काही आहे त्याहून गडद काढले जाते. पान स्वतःच्या सावलीत येईल असे बसा.

प्रश्न (दुबई) : हाच दिशांचा हिशेब इथल्या वाळवंटात चालेल का?

उत्तर : नाही. तुमच्याकडचा प्रमुख वारा शमाल, तो वायव्येकडून येतो. त्यामुळे उभा उतार बहुतेक ठिकाणी आग्नेयेकडे तोंड करून असतो. सकाळी त्याच्यावर ऊन पडते. हिवाळ्यात सायंकाळचा सूर्यही दक्षिणेकडे झुकलेला असल्याने तो उतार अगदी मावळतीच्या आधीच काळा होतो, म्हणजे हाती वेळ कमी. तिथे टेकड्यांचे आकारही गुंतागुंतीचे असतात. गेल्या गेल्या एकदा चालून उभा उतार कुठे आहे ते पायांनी तपासा; जिथे पाय घोट्यापर्यंत रुततो आणि वाळू खाली घसरते, तो तुमचा काळा भाग.

प्रश्न (सांगली) : वाळूवरच्या लहरी कोरल्या की पत्र्याच्या छपरासारख्या दिसतात. त्या वाळूसारख्या कशा दिसतील?

उत्तर : पत्र्याची उपमा अगदी नेमकी आहे, कारण दोष तोच आहे : सारखी जाडी, सारखे अंतर, टोकापासून टोकापर्यंत न तुटणाऱ्या रेषा. खऱ्या लहरी वाऱ्याच्या दिशेला आडव्या असतात. दोन लहरींमधले अंतर दोन बोटांपासून वीतभरापर्यंत बदलते, आणि एखादी लहर मध्येच फाटा फुटून दोन होते किंवा विरून जाते. हे फाटे स्केचमध्ये टिपलेत तर निम्मे काम झाले. त्यासाठी पायाजवळचा हातभर चौकोन घ्या, वरून पाहा आणि पंधरा मिनिटे तेवढाच काढा. निसर्गदृश्याच्या स्केचमध्ये हा तपशील कधीच नीट येत नाही.

लिनोवर जमिनीचे तीन पट्टे करा. पायाजवळच्या पट्ट्यात लहरी एकेक करून ३ ते ४ मिमीच्या यू टूलने (गोल, यू आकाराच्या टोकाच्या कोरणीने) कोरा. मधल्या पट्ट्यात दीड मिमीच्या व्ही टूलने (टोकदार, व्ही आकाराच्या कोरणीने) तुटक, आखूड फटकारे द्या आणि ते क्षितिजाकडे जवळ जवळ आणत जा. तिसऱ्या पट्ट्यात काहीच कोरू नका. तो एकतर पूर्ण काळा किंवा पूर्ण साफ ठेवा. दूरच्या लहरी डोळ्यांना दिसत नाहीत. आपल्याला त्या ठाऊक असतात म्हणून हात कोरत सुटतो.

फटकाऱ्याचा आकारही महत्त्वाचा. व्ही टूल जितके खोल जाते तितकी रेषा रुंद होते. हत्यार अगदी उथळ टेकवा, पुढे ढकलताना मूठ किंचित उचला म्हणजे टोक आत जाईल, शेवटी मूठ खाली आणून बाहेर काढा. रेषा चातीसारखी येते, दोन्हीकडे निमुळती आणि मध्ये फुगीर. लिनोच्या फालतू तुकड्यावर असे शंभरेक फटकारे मारून हात बसवा. दोन कोरीव रेषांमधला उरलेला कणा अर्ध्या मिमीहून बारीक ठेवू नका. तो शाई लावायच्या रोलरच्या दाबाने तुटतो, आणि बहुतेक वेळा तिसऱ्या-चौथ्या छापाला तुटतो, म्हणजे आवृत्ती (ठरवलेल्या प्रतींचा संच) अर्धवट राहते.

उभ्या उतारावर लहरी दाखवणे ही हमखास होणारी चूक आहे. तिथे वाळू घसरत असते, लहरी टिकत नाहीत. वरून खाली उतरलेल्या जिभांसारखे ओघळ दिसतात. काळ्या भागात वरून खाली तीन-चार बारीक पांढरे ओघळ दिलेत तरी पुरे. या दोन दिशांच्या फरकामुळेच टेकडीला घडण येते.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर) : वाळवंटात झाडे कोणती दाखवावीत? सगळीकडे निवडुंगच काढलेले दिसतात.

उत्तर : दोन हात वर केलेला उंच निवडुंग हा सोनोरन वाळवंटातला, म्हणजे अ‍ॅरिझोना आणि मेक्सिकोचा रहिवासी. थरच्या चित्रात तो परकाच. थरची ओळख म्हणजे खेजडी, आपली शमी. हिवाळ्यात तिचा पाला जनावरांसाठी छाटतात. वाळलेल्या पाल्याला तिकडे लूंग म्हणतात. छाटलेली खेजडी म्हणजे गाठाळ बुंधा आणि वर मुठी वळल्यासारखी टोके, लिनोसाठी फार सुंदर आकार. न छाटलेल्या झाडाची पाने मोजायला जाऊ नका. पूर्ण झाड काळे ठेवा आणि फांद्यांमधून दिसणारे आभाळाचे तुकडे तेवढे कोरा. असे आठ-दहा तुकडे, वेगवेगळ्या मापांचे, झाड उभे करतात.

फोगची झुडपे जवळजवळ बिनपानांची, काड्यांची. ती काळ्या सावलीवर पांढऱ्या रेषांनी चांगली उमटतात. सेवण गवताचे ठोंब खालून वर, मुळाकडून टोकाकडे कोरायचे, म्हणजे रेषा आपोआप निमुळती होते. आक म्हणजे आपली रुई. तिची रुंद, जाड पाने एवढ्या बारीक पोतांच्या गर्दीत सपाट आकार देतात, म्हणून एक तरी रुई समोरच्या कोपऱ्यात हवीच, असे आमचे मत.

प्रश्न (ठाणे) : छाप उलटा येतो. वाळूच्या टेकडीला त्याने काय फरक पडतो?

उत्तर : किल्ला किंवा गडीसर तलाव असेल तर लगेच कळेल. टेकडी असेल तर ओळखणार कोणी नाही, पण डावीकडून उजवीकडे चढणारी शिखररेषा छापात उतरती होते आणि चित्राचा तोलच बदलतो. स्केच ट्रेसिंग पेपरवर ४बीने उतरवा, कागद पालथा घालून लिनोवर चिकटपट्टीने बसवा आणि मागून चमच्याने घासा. लिनोवर आधी ॲक्रिलिक रंगाचा अगदी पातळ हात दिलात तर कोरलेला भाग फिका दिसत राहतो आणि काय उरले आहे ते छापायच्या आधीच कळते.

प्रश्न (अमरावती) : दोन वर्षांपूर्वी आणलेले लिनो कडक झाले आहे. कोरताना कडा भुगा होऊन पडतात.

उत्तर : लिनोलियम म्हणजे घट्ट केलेले जवसाचे तेल, राळ, बुचाचा आणि लाकडाचा भुसा, हे सगळे तागाच्या कापडावर थापलेले. तेल हवेने हळूहळू आणखी घट्ट होत जाते, म्हणून जुना तुकडा कडक होतो. तो दहा मिनिटे उन्हात ठेवा, किंवा वर सुती कापड घालून कोमट इस्त्री फिरवा, मग कोरा. गार झाला की पुन्हा गरम करा. इतके करूनही वाकवताना तडकत असेल तर तो तुकडा बारीक कामाला घेऊ नका. नवे लिनो सपाट, कागदात गुंडाळून, उन्हापासून दूर ठेवावे.

भुगा पडण्याचे दुसरे कारण बोथट हत्यार. चामड्याच्या पट्टीवर पॉलिशची पेस्ट लावून दर अर्ध्या तासाने कोरणी मागे ओढत चार-पाच वेळा घासा. साधारण ३.२ मिमी जाडीच्या लिनोत एक ते दीड मिमी खोली पुरते. तागाचे धागे दिसू लागले म्हणजे जास्त झाले. कड कोरताना हत्यार बाहेरच्या बाजूला झुकवा, म्हणजे उरलेल्या भागाचा पाया रुंद राहतो. आत झुकवून कोरलेली कड पोकळ होते आणि दाब पडला की ढासळते. दुसरा हात नेहमी पात्याच्या मागे ठेवा आणि वळणावर मनगट न वळवता लिनो फिरवा.

प्रश्न (पणजी) : मोकळे आभाळ साफ कोरले तरी छापात रेघा-ठिपके उमटतात. खोल कोरावे का?

उत्तर : खोल कोरून ते पूर्ण जात नाहीत, कारण रोलर आणि कागद दोन्ही खोलगट भागात दबतात. पूर्ण स्वच्छ आभाळ हवेच असेल तर रुंद, ८ मिमीच्या यू टूलने शेजारशेजारचे पट्टे काढा, उरलेले कंगोरे सपाट करा आणि छापताना त्या जागी कागदाचा कापलेला आडोसा ठेवा. शाई लावल्यावर आडोसा ठेवायचा, मग छापाचा कागद.

पण वाळवंटाच्या चित्रात त्या उरलेल्या रेघांचा उपयोग करा. सगळे फटकारे क्षितिजाला समांतर मारले तर हवेतली धूळ दिसते. सूर्याभोवती गोल मारले तर चकाकी. वाईट दिसते ती सर्व दिशांनी खरवडलेली जागा. आभाळ पूर्ण काळे ठेवण्याचाही विचार करा. नंदलाल बोस यांनी १९३० मध्ये केलेल्या, काठी घेऊन चालणाऱ्या गांधीजींच्या लिनोकटमध्ये काळ्या पार्श्वभूमीवर मोजक्या पांढऱ्या रेषा आहेत. काळ्या आभाळाखाली उजळलेली टेकडी तशीच ठसठशीत होते, आणि कोरायचे कामही निम्मे होते.

प्रश्न (रत्नागिरी) : काळा भाग मीठ भुरभुरल्यासारखा छापला जातो. प्रेस नाही, चमच्याने घासतो.

उत्तर : कारणे चार, याच क्रमाने तपासा. पहिले, लिनोचा पृष्ठभाग. नवे लिनो तेलकट, गुळगुळीत असते आणि शाई धरत नाही. कोरण्यापूर्वी ४०० नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हाताने गोल फिरवून पुसून घ्या.

दुसरे, शाई. काचेवर अर्धा चमचा शाई घेऊन रोलरने पसरवा. बारीक चुरचुर असा आवाज आला आणि पृष्ठभाग मखमलीसारखा दिसला की बरोबर. चपचप आवाज आणि संत्र्याच्या सालीसारखे खड्डे दिसले तर शाई जास्त आहे, ती बारीक रेषांत भरेल. लिनोवर एकदाच जाड थर न देता पातळ थर पाच-सहा वेळा, उभे-आडवे द्या. पहिले दोन-तीन छाप फिके येणारच, लिनो शाई पितो. छापखान्याच्या दुकानात मिळणारी ऑफसेटची काळी शाई चालते, पण ती फार चिकट असते आणि पातळ कागदाचे पापुद्रे ओढते. चमचाभर शाईत जवसाच्या तेलाचे दोन-तीन थेंब पुरतात.

तिसरे, कागद. खडबडीत जाड हातकागदावर चमच्याने सलग काळा येत नाही. ७० ते १०० जीएसएमचा (चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचा) गुळगुळीत कागद घ्या. पुण्याच्या हातकागद संस्थेत किंवा जयपूरजवळच्या सांगानेरला बनणाऱ्या कागदांत गुळगुळीत पोताचा पाहून निवडा. नेपाळी लोकता कागदही पातळ आणि चिवट असतो.

चौथे, घासणे. स्टीलच्या चमच्याची पाठ, वर बटर पेपर, मध्यापासून बाहेर, नाण्याएवढ्या गोलांनी. एवढ्या मापाला दहा मिनिटे लागतात. एक कोपरा उचलून पाहा, बाकी कागद हलू न देता. फिका दिसला तर परत टेकवून पुन्हा घासा.

पाण्यात विरघळणाऱ्या शाया कोरड्या हवेत चमच्याचे काम संपायच्या आतच सुकतात आणि तेव्हाही असाच मिठासारखा पोत येतो. घासायचे असेल तर तेलाची शाई बरी. ती आधी खाण्याच्या तेलाने, मग साबणाने निघते.

प्रश्न (बडोदा) : एकाच लिनोतून संध्याकाळचे तीन-चार रंग काढायचे आहेत. क्रम कसा ठेवावा?

उत्तर : ही कोरत कोरत छापत जाण्याची पद्धत आहे, १९५०च्या दशकाच्या अखेरीस पिकासोच्या लिनोकटांमुळे ती सर्वपरिचित झाली. प्रत्येक रंगानंतर लिनो आणखी कोरला जातो, त्यामुळे मागे फिरता येत नाही. दहा प्रती हव्या असतील तर चौदा-पंधरा कागदांनी सुरुवात करा.

क्रम फिक्याकडून गडदाकडे. आधी कागदाचा पांढरा राहायचा भाग कोरून घ्या, म्हणजे सूर्य आणि शिखरावरची सर्वांत उजळ कड. मग पिवळा ओकर आणि पांढरा मिसळून वाळूचा फिका रंग, दुसरा कच्चा ओकर, मंद उतारासाठी, तिसरा बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), शेवटी सावली. सावलीला निव्वळ काळा वापरू नका. इंडिगोत थोडा बर्न्ट सिएना घाला. मोकळ्या वाळूवरच्या सावलीत आभाळाचा निळा उतरतो आणि स्केच करताना डोळ्यांना तो दिसतोच. वहीत तिथे ‘निळसर’ एवढे लिहून ठेवा. रंगांच्या अशा नोंदी रंगीत स्केचपेक्षा जास्त कामाला येतात.

पहिल्या तीन रंगांत निम्म्याच्या आसपास पारदर्शक माध्यम (शाईचा रंग विरळ करणारे बिनरंगी मिश्रण) मिसळा. थर जाड आणि चकचकीत झाला की चौथा रंग त्याच्यावर बसत नाही, थेंब थेंब होऊन सुटतो. दोन रंगांमध्ये दोन-तीन दिवस सुकू द्या, पावसाळ्यात आठवडा. रंग एकावर एक बसण्यासाठी पुठ्ठ्याच्या तळावर लिनोसाठी काटकोनी खोबण करा आणि कागदासाठी दोन बाजूंना पट्ट्या चिकटवा. प्रत्येक कागदाचा तोच कोपरा, त्याच पट्टीला, शेवटपर्यंत.

आभाळात केशरीतून जांभळ्याकडे जाणारी छटा हवी असेल तर काचेवर दोन रंग शेजारी ठेवून रोलर पुढे-मागे फिरवताना एक सेंमी डावी-उजवीकडे सरकवत न्या. मात्र रोलर आभाळाच्या पट्ट्याच्या उंचीएवढा तरी रुंद हवा. तो आखूड असला की जोडाची रेघ उमटते.

प्रश्न (पुणे) : काळ्या भागात मधे काळा ठिपका आणि भोवती पांढरे कडे, असे डाग येतात. दर छापात त्याच जागी.

उत्तर : शाईत कण आहे. लिनोचा भुगा असेल किंवा वहीतून आलेली वाळूच असेल. कण कागदाला उचलून धरतो, म्हणून भोवती पांढरे राहते. सुईच्या टोकाने तो काढा, रोलर आणि काच पूर्ण पुसून नवी शाई घ्या. शाई तशीच ठेवली तर कण दुसऱ्या जागी जाऊन बसतो. वाळवंटातून आणलेली वही गॅलरीत उलटी धरून झटका, शिवणीतली वाळू कोरड्या ब्रशने काढा आणि छापायच्या टेबलावर ती वही आणूच नका. स्केच समोर हवे असेल तर त्याचा झेरॉक्स भिंतीवर लावा.